मोजत राहा

तोर्शावनचं किनारा-केंद्र, रात्रपाळी,
किटलीतलं पाणी तिसऱ्यांदा गार.
सोळा नंबरच्या चॅनेलवर खरखर
आणि खरखरीतून एक म्हातारा, जरा ओशाळलेला:
"त्रास देतोय. इंजिन गेलं. बोटीत पाणी शिरतंय."

नाव?
"माझं की बोटीचं?"
तुमचं.
"यालग्रीम. बोटीला अजून ठेवलं नाही."
किती जण?
"मी. आणि एक मेंढी."
कुठे आहात?
"धुक्यात."

म्हटलं, आकडे मोजा. सावकाश. बटण सोडू नका.
आवाजावरून दिशा काढतो आम्ही.

तो मोजू लागला,
संध्याकाळी फाटकाशी उभं राहून मोजतात तसा,
एकेका आकड्याच्या पाठीवर हात ठेवून.
एकतीस. बत्तीस.
तेहेतीस अर्धाच आला.

पुढे जे ऐकू येत होतं
त्याला शांतता म्हणत नाहीत.
हेडफोन कानांवर दाबून
मी ओठांतल्या ओठांत
चौतीस म्हटलं.

पहाटे वैमानिक सांगत होता:
धुक्यात लाल डाग दिसला, विझता विझता.
खाली उतरलो तर हा
बंद पडलेला रेडिओ तोंडाशी धरून
सहाशे बारा, सहाशे तेरा.
मेंढीला आधी घ्या म्हणाला,
आणि पुढचा आकडा.