चाकांचा डबा

दर मंगळवारी, जेवणं आटोपली की
आम्ही पाच जणी जमतो
बंद पडलेल्या सोसायटीच्या खोलीत.
युरियाचा वास अजून भिंतींतून गेलेला नाही.
सुताराने दिलेले सव्वीस लाकडी बैल
रांगेत उभे, सोललेल्यासारखे पांढरे,
डोळे नसलेले.

वर्ध्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातून आलेल्या मॅडम
पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"मनात जे आहे, ते रंगात उतरवा."
त्यांची जीप फाट्याला लागल्यावर पंचफुला भोयर म्हणाली,
"मनातलं उतरवाले डबे पुरनार नाईत, बाई.
आपन बैलच रंगवू."

पंचफुलाचा पोरगा सरहद्दीवर आहे.
नेटवर्क आलं की फोन करतो,
नाही आलं की ती शिंगं रंगवते.
एकाच शिंगाला तीन-तीन हात.
दुर्पता उईकेचा नवरा परत आला, सगळा,
दोन्ही हातापायांनिशी.
फक्त रात्री खाटेखाली झोपतो.
शहनाजबीच्या नवऱ्याच्या नावाचा चौक आहे,
पाटीवर आडनावातली मात्रा चुकलेली.
ती झुलीवर टिंबं देते तेव्हा
एक टिंब इकडचं तिकडे होत नाही.
प्रणाली सगळ्यांत लहान. लग्नाला अकरा महिने झाले होते.
ती रंगवत नाही, ब्रश धुते.

आणि मी.
माझा नवरा गाडी चालवायचा, रसदेची, डोंगरातली.
कागदावर लिहून आलं: अपघात.
शाळेच्या फाटकावर नावं कोरली तेव्हा
सरपंच घरी आले, चहा घेतला, म्हणाले,
"तसं नियमात बसत नाही, वहिनी."
मी त्यांचा कप विसळला.
मग पुन्हा विसळला.

माझे बैल चांगले होतात, असं सगळ्या म्हणतात.
एक तर मी हिरवाच करून टाकला, ट्रकचा असतो तसा.
पण चाकं मी लावत नाही.
बैलाखाली पाट, पाटाला चार चाकं, चाकाला एक खिळा,
एवढंच काम, पण ते आलं की मी उठते,
माठ भरते, झाडून घेते,
रद्दीच्या घड्या घालते.
सहा मंगळवार कोणी काही विचारलं नाही.
माझ्या बैलांची चाकं
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात साठत गेली.

सातव्या मंगळवारी प्रणालीने तो डबा मांडीवर घेतला.
हातोडी उचलली.
पहिला खिळा वाकडा गेला.
दुसऱ्याला अंगठा सापडला.
"आई गं" म्हणून ती हसली,
मग हसू थांबेना,
मग ते हसू राहिलं नाही.
शहनाजबीने दार लोटून घेतलं.
दुर्पताने तिचा अंगठा पदरात गुंडाळून धरला.
मला सुचेना काय करावं. बैल माझा होता.
मी तो उलटा करून पोटाशी घट्ट धरला,
हलू नये म्हणून,
आणि म्हटलं, ठोक.

तान्ह्या पोळ्याला पोरं निघाली,
कपाळाला टिळे, खिशात बोजाऱ्याची चिल्लर.
माझी लेक सगळ्यांच्या पुढे, दोरी ताणून,
मागे हिरवा बैल, एक चाक कुरकुरणारं.
सोसायटीपाशी रस्ता वळतो, कडेला उघडी नाली.
मी ओट्यावरून ओरडले,
"वळणावर हळू घे वं!"
एवढ्या जोरात, की पारावरची माणसं
पत्ते धरून माझ्याकडे बघत राहिली.

तिने हळू घेतलं.

संध्याकाळी पैसे मोजता मोजता म्हणाली,
एका काकांनी विचारलं, बैल कुठं हिरवा असते का?
मग तू काय सांगितलं?
"माह्या घरचा असते."

आज मंगळवार. पंचफुला यादी करते आहे:
पांढरा संपला. टर्पेंटाइन. बारीक ब्रश दोन.
मी म्हटलं, थोडं तेलही लिही,
चाकांसाठी.