खारकोपरच्या अलीकडे

पहाटे पाच दहा.
पाना, हातोडा, दोन झेंडे,
डब्यात तांदळाची भाकर, सुकटीची चटणी.
बामणडोंगरीहून खारकोपरपर्यंत चालायचं,
मग पलीकडच्या रुळानं परत.
एक टोला, कान. एक टोला, कान.
घट्ट चावी टणकन बोलते,
सैल चावी नुसती खोकते.
हजेरीच्या वहीत: सुगंधा हसुराम घरत, कीमन.
बाईचं रूप छापलेलं नाही.
गावात चावीवाली म्हणतात, तेच बरं.

माझ्या बारशाच्या आठवड्यात
आमच्या मिठागराच्या बांधावर चार माणसं आली.
तिपाई रोवली, एका डोळ्यानं खाडी पाहिली
आणि एक दगड पुरून गेली.
दगडावर लाल रंगात सतरा.
काय येतंय, बाबानं विचारलं.
रेल्वे, म्हणाले. मुंबईहून थेट समुद्रापर्यंत.
बाबा हसला म्हणे.
समुद्र तर इथंच येतो,
रोज दोनदा, तिकीट न काढता.

मग कुणीच आलं नाही.
दगडाला शेळी बांधली,
दगडावर आईनं जवळ्याचं फडकं पसरलं,
दगडाशी उभं करून बाबानं माझी उंची मोजली.
पाचवीत मी सतराच्या वर गेले.
खाऱ्या वाऱ्यानं आकडा उडायचा,
बाबाच दर दिवाळीला पुन्हा रंगवायचा.
गाडी हवी होती का त्याला?
विचारलं तर म्हणायचा,
कुणाची तरी खूण आहे, पुसू नये.

माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आले,
दगड तिथंच.
मग एका उन्हाळ्यात सगळं एकदम:
नोटीस, चेक, डंपर.
मुरूम पडला तेव्हा कोंड्यांत मीठ धरलं होतं.
शेवटची रास फावड्यानं ओढायला
बाबानं दोन दिवस मागितले,
दीड मिळाला.
दगड निघाला तो मी घरी आणला.
आता पाण्याच्या पिंपावर झाकण दाबून धरतो,
सतरा खालच्या बाजूला.

गाडी सुरू झाली, त्याच आठवड्यात बाबाला बसवलं.
दुपारची वेळ, डब्यात आम्ही दोघं
आणि झोपलेला एक कुरियरवाला.
तिवरं मागे पळत होती, बाबा काही बोलेना.
खारकोपरच्या अलीकडे तो एकदम वाकला,
चपला काढल्या,
मांडीवर घेऊन बसला.
नऊ-दहा सेकंद.
मग पुन्हा पायात घातल्या.
आगरात चप्पल घालून जात नाहीत,
हे मला त्याच्याकडूनच ठाऊक होतं,
त्या दिवशी मात्र मी घालूनच बसले होते.

तिथंच चाव्या सैल होतात.
साहेब दोनदा येऊन गेले,
खडी उपसली, नकाशा पाहिला,
म्हणाले, मीठ हा रुळाचा शत्रू.
मुरमाखालून वर येतं, लोखंडाच्या कडेला फुलतं,
पांढरं, बारीक, पहाटेच्या टॉर्चमध्ये
दळून ठेवल्यासारखं.
ब्रशनं खरवडायचं, ग्रीस लावायचं, असा नियम.
पगार रेल्वेचा खाते,
आणि खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
पण खाल्लेलं मीठ तर हे.
मी गुडघ्यावर बसते,
इकडे तिकडे पाहते,
बोट लावून जिभेवर ठेवते.
कडसर आहे थोडं.
बाबाचं नव्हतं असं.

मग खरवडते. सगळं.
सहाची गाडी येते, बाजूला होते,
हिरवा झेंडा धरते,
मोटरमन हात उचलतो,
रिकामे डबे उरणकडे जातात,
जिथं रूळ संपतात आणि पुढं गवत आहे.
डायरीत लिहिते: चाव्या बदलल्या, चार. कारण, गंज.

संध्याकाळी दारात चपला काढते
तेव्हा बाबा खाटेवरून विचारतो,
किती निघालं आज?
चार, मी सांगते.
तो बोटांवर तिथी मोजतो.
उधाणाचा आठवडा आहे, म्हणतो,
वाढेल.