तोडा

‘काका, तोडा,’ म्हणाला भिडव्यांचा हेरंब.
‘चांदीचा का? बायकोला?’
त्याने पायजमा वर केला.
काळा पट्टा, हिरवा दिवा उघडाच.

चाळीस वर्षं सराफ्यात बसतो मी.
सुजल्या बोटांतल्या अंगठ्या कापल्या,
बाळंतिणीच्या रुतलेल्या बांगड्या,
एकदा तर प्रेताच्या पायातले वाळे.

‘कोर्टाचा आहे. बहीण दतियाला, अत्यवस्थ.
माझी हद्द मुरारपर्यंत.’

आत तार असते म्हणे.
तुटली की ठाण्यात ओरडते,
जुन्या खटल्यावर नवं कलम चढतं.
कापणाऱ्यावरही.

‘वकिलाला गाठ. अर्ज कर.’
‘सोमवारी आहे तारीख.’
आज गुरुवार.

घोटा सोलवटला होता.
कात्री घेतली, कापली ती डबीतली लाल मखमल,
पट्ट्याखाली सरकवणार, तोच थबकलो.
हीसुद्धा छेडछाड धरतील का?

दोघंही मग त्या दिव्याकडेच बघत बसलो,
साहेब काय म्हणतात म्हणून.