शेवटून तिसरं

कागदाची रुंदी संपली
तसा प्रिंटरने शब्द मोडला, ‘थ्रॉम्बोसा’पाशी.
एक आडवी रेघ,
आणि उरलेला खालच्या ओळीत
पायरी चुकल्यासारखा.

बाळाराम मढवी, घणसोली गावठाण, वय एकाहत्तर,
काउंटरच्या काचेला कपाळ टेकवून म्हणाले,
‘पोरी, हे बोलाचं कसं?
डॉक्टरसमोर माझी जीभ आडवी येते.’

वाशीच्या लॅबमध्ये दुपारी तीनला गर्दी नसते.
मी पेनाने उभ्या रेघा मारल्या:
थ्रॉम् । बो । साय । टो । पी । नि । या
सात झाले.
त्यांनी बोटाने परत मोजले, सातच.

‘आणि जोर?’
शाळेत आम्ही लगक्रम लिहायचो,
आपलं अक्षर लांब असतं नाहीतर आखूड,
कुणी कुणाला दाबत नाही.
इथे मात्र एकावर सगळा भार
आणि बाकीचे अर्धे गिळलेले.
म्हटलं, काका, शेवटून तिसरं. ‘पी’वर.
असले लांब ग्रीक शब्द पुष्कळदा तिथेच दबतात.
फोटोग्राफी म्हणा. हेमॅटॉलॉजी म्हणा.
शेपूट बदललं की जोर सरकतो,
पण मोजायचं मागून.

ते हसले. पहिल्यांदाच.
‘म्हंजे होडीसारखं.
आमच्या होडीला सात फळ्या.
जड माणूस मागून तिसऱ्या फळीवर,
नायतर खाडीत नाक वर करते ती.
हे ग्रीक लोक दर्यावालेच असतील.’

असतील, म्हटलं.
मला एवढंच माहीत होतं,
ट्रेनिंगच्या वहीत लिहून घेतलेलं:
थ्रॉम्बोस म्हणजे गोठलेला गोळा,
कायटोस पोकळ भांडं,
पेनिया म्हणजे गरिबी.
जोर गरिबीवर पडतो
हे सांगायचं राहून गेलं.
किंवा सांगितलं नाही.

‘तिसऱ्या फळीवर कोण बसायचं?’ मी विचारलं.

‘चांगुणा.’
रिपोर्टाची घडी करता करता म्हणाले,
‘तवा चांगली थोराड होती.
काल वजन केलं, सदतीस किलो.’

मग दाराकडे जाताना
पुटपुटत राहिले,
थ्रॉम्, बो, साय, टो,
आणि ‘पी’पाशी दर वेळी
थोडं थांबून,
जसं कुणी बसायची वाट बघावी.

दोन हजारांतले चाळीस परत द्यायचे होते.
मी हाक मारली,
पण तोवर काच बंद झाली होती.