पितळी गाढव

महापौर श्टेफान हावरानेक यांच्या टेबलावर
पितळेचं गाढव असायचं, पक्षाचं चिन्ह,
खाली गटारं, बर्फाचे नांगर, नेमणुका यांचे कागद.
पहिल्याच दिवशी मला हसू फुटलं:
अडला हरी, आणि पाय तर समोरच.
त्यांनी अर्थ विचारला. सांगितला.
पोट धरून हसले, आणि तेव्हापासून मी हरी.
खरं नाव त्र्यंबक.

खाटकाचा मुलगा. स्लोव्हाक.
बापाच्या दुकानातली उधारीची वही त्यांनी सांभाळलेली,
म्हणून केल्सोव्हिलचं घर न् घर तोंडपाठ:
कोणाचा नवरा भट्टीवर भाजला,
कोणाच्या तळघरात पाणी शिरतं.
एकोणिसाव्या वर्षी संपात डोकं फोडून घेतलं,
ती खोक टोपी काढून दाखवत, मतं मागताना.
पक्ष बदलायचा नसतो, म्हणत,
आईसारखा असतो. मग आईवरच डाफरत:
वॉशिंग्टनमध्ये बसून हिला काय कळतंय?
लांब केसांची पोरं, युद्धाविरुद्धचे फलक,
रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसलेलं कोणीही,
सगळ्यांना एकच शब्द: घरी.

पहाटे चारला बर्फ पडला तर
स्वतः नांगराच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी.
हेही लिहायला हवं.
नोंदणी-खिडकीवरच्या ओडेसा प्रुइटच्या आईचा गॅस
ऐन जानेवारीत तुटला, तो एका फोनवर जोडून दिला.
टेकडीवरच्या काळ्यांच्या वस्तीत नांगर मात्र
शेवटी जाई. कधी दुसऱ्या दिवशी.

एकोणसत्तरच्या मे महिन्यात कोर्टाचा निकाल आला:
शहराचा पोहण्याचा तलाव सगळ्यांसाठी.
हावरानेक म्हणाले, पंप बिघडलाय.
पंप मी सोमवारीच पाहिला होता.
मांजरासारखा गुरगुरत होता.
दुरुस्तीला पैसे नाहीत, ते म्हणाले. बुजवा.
हरी, नकाशा तू काढ.

मी काढला.
पन्नास बाय पंचवीस यार्ड, मातीच्या गाड्या किती, खर्च किती,
कोपऱ्यात माझी सही, वळणदार, मराठी शाळेतली.
व्हिसाचे कागद त्यांच्याच शिफारशीवर होते.
ओडेसानं मुलासाठी पोहायची निळी चड्डी आणून ठेवलेली.
तिनं नकाशावर शिक्का मारला, आणि माझ्याकडे न बघता
शाईची डबी बंद केली.

पोलादाचा कारखाना बंद झाला तेव्हा
ते कॅमेऱ्यासमोर रडले; खरं रडले.
पाचव्या खेपेला पक्षाच्या प्राथमिक फेरीतच पडले,
दोनशे अकरा मतांनी, एका चष्मेवाल्या वकिलाकडून.
सामान भरताना गाढव मला दिलं
आणि पहिल्यांदाच, अडखळत, त्र्यंबक म्हणाले.
मला ते आवडलं. त्याचीच लाज वाटते.

आता तिथे हिरवळ आहे, बाक आहे, त्यांच्या नावाची पाटी आहे.
भराव दाबण्याचा हिशेब माझा चुकला असावा:
दर वर्षी माती थोडी खचते
आणि गवतात उमटतो तोच आयत,
खोल बाजू जरा जास्त खोल.
बर्फ वितळला की घोट्याएवढं पाणी साठतं.
या एप्रिलमध्ये दोन पोरं बूट काढून त्यात उभी होती.

पालिकेनं पत्र धाडलंय, जुना नकाशा
कोणाकडे आहे का.
गाढवाखाली आहे.