चौथा लांडगा

केमीत डिसेंबरात दिवस उगवत नाही,
दुपारी तासभर खिडकी निळी होते, एवढंच.
त्या निळ्यात मी जुन्या यंत्रातली चिप उपटली,
शेडमध्ये आम्लात सोडली,
आणि तिचं काळं कवच विरघळेपर्यंत
घरात येऊन बटाटे सोलत बसले.

सूक्ष्मदर्शकाखाली मग एक गाव दिसलं,
नखाएवढं.
गल्ल्या, बोळ, बंद दारं,
आणि एकाही पाटीवर नाव नाही.
ते आखणारी कंपनी जपानात कधीच बुडाली,
नकाशे रद्दीत गेले असतील.
चिप ताकाला तूर लागू देईना.
सात महिने मी तिला एकच विचारलं:
हे दिलं तर काय देशील?
आणि हे?
तिची उत्तरं वहीत उतरवत गेले,
शून्य, एक, एक, शून्य,
दुकानदाराच्या उधारीसारखी.

खेळाच्या आकड्यांत, शेवटी, जिथे काहीच नको होतं,
एक विसरलेली यादी सापडली. एकच ओळ:
हिसाए, ४१००.
एकेचाळीसशे!
तैस्तो आठ वर्षांचा असताना
याच्या तिप्पट गुण काढायचा, शाळेचा डबा खाता खाता.
कोण असेल ही हिसाए?
जिने लांडगे लिहिले
आणि त्यांनीच जिला पहिल्या पुलावर गाठलं?
त्या रात्री मला तिचा फार लळा लागला.

मार्चमध्ये खेळ चालला.
माझ्या संगणकाला वाटलं, आपण ते निळ्या झाकणाचं यंत्र आहोत.
बर्फ पडला, नदी वाहिली, लाकडं तरंगली,
तुतारीचा तो किनरा आवाजही आला.
मी भावाला फोन केला.

तैस्तो रोव्हानिएमीत बर्फ काढायचा ट्रक चालवतो,
आता दोन चष्मे लागतात त्याला.
बूटही न काढता बसला,
पुलावर तीनदा मेला,
आणि म्हणाला, "राइली, हा तो खेळ नाही."

मी वही दाखवली. प्रत्येक आकडा तपासलेला.
"असेल," तो म्हणाला,
"पण चौथा लांडगा आला की ते यंत्र दमायचं.
सगळं जड व्हायचं, लांडगेसुद्धा.
त्या दमात मी उडी मारायचो.
तुझं हे दमतच नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
माझ्याकडे भलतंच काम आलं:
मेलेल्याची खोड जगवायची.
कारण दोष काढून टाकणं सोपं,
माझ्या यंत्राने तो न सांगता काढला होता.
आता मला थकवा मोजायचा होता.
एका लांडग्याला किती ठोके,
दोघांना किती,
कुठल्या गल्लीत कोण कुणाची वाट बघत थांबतं,
आणि ती वाट
इथे, या उतावळ्या यंत्रात,
खोटी खोटी, पण अचूक, कशी बघायची.

एक गोष्ट सांगते, कुणाला हसू येईल.
मी कागद गिरणीत एकोणीस वर्षं रात्रपाळी केली,
गिरणी बंद झाली तेव्हा लोक म्हणाले, आता आराम.
पहाटे चारला अजून पाय जड होतात माझे,
घरात, पलंगावर, काही काम नसताना.
थकवा कसा लिहायचा
हे मला कुठल्या पुस्तकात शोधावं लागलं नाही.

मे महिना. रात्र उरली नव्हती.
तैस्तो पुन्हा आला, या वेळी बूट काढले.
पहिला लांडगा. दुसरा.
तिसरा झुडपातून.
चौथा आला,
आणि पडद्यावरचा बर्फ
पडता पडता अडखळला.
नदी जड झाली.
तैस्तोचा खांदा किंचित वर गेला,
तो खांदा मी ओळखते,
जेवणाच्या टेबलाखालून बघितलेला.
त्याने उडी मारली.

पाचव्याने त्याला खाल्लं.
"हां," तो म्हणाला,
आणि कॉफी आहे का विचारलं.

मी यादी उघडून पाहिली.
तैस्तो, ३९००.
वर हिसाए.