दार वाजतंय

पहाटेचे पाच चाळीस. शिवडीच्या गोदामाबाहेर
दोनशे सात उभी, पाठीवर अख्खा दिवाणखाना:
सोफा, फायबरचं तुळशीवृंदावन,
चौथ्या पायरीला संपणारा जिना,
आणि चौकटीसकट एक दार.
पनवेलला दुपारचा प्रयोग. सेट दहाच्या आत लागायला हवा.

किल्ली फिरवली. हिटरचं पिवळं वेटोळं
पेटलं, विझलं. सेल्फ मारला.
फिरतोय, फिरतोय, छान फिरतोय,
इंजिन मात्र ढिम्म.

बॅटरी दिवाळीत नवी घातली.
सेल्फ मार्गशीर्षात भरून आणला.
हिटर प्लग चारही बदलले.
प्रत्येक मेकॅनिकने आईची शपथ घेऊन
वेगळ्या जागी बोट ठेवलं होतं.

बॉनेट उघडून हातपंप दाबला, पस्तीस वेळा.
तेव्हा कुठे धरली. धरली म्हणजे
पांढरा धूर, आणि उभ्याउभ्या हिवताप.
मागे दार वाजू लागलं.
ठक. ठकठक. जरा थांबून, ठक.
सुक्या सोफ्यावर झोपलेला. झोपेतच म्हणाला, "आलो."

रे रोडला पुलाच्या कडेला परकारचाचांचं शटर.
चाचा दात घासत बाहेर आले,
ब्रश तोंडात तसाच, आणि नुसते ऐकत राहिले.
चूळ भरून म्हणाले, "रात्री हिचं डिझेल जातं कुठे?"
"खाली पुठ्ठा घालून बघतो रोज. थेंब नाही."
"नसणारच. बाहेर गळत नाहीये. आत गळतंय."
"काय?"
"हवा."

सलाईनची जुनी नळी होती त्यांच्याकडे,
फीडपंप आणि फिल्टरच्या मधे जोडली.
नळीतून डिझेल निघालं, मधासारखं,
आणि त्यात बुडबुडे, एकामागून एक,
शाळेला निघालेल्या पोरांसारखे, कसलीही घाई नसलेले.
एवढीशी हवा. रात्रभर शिरायची,
डिझेल गुमान टाकीत परत जायचं,
आणि सकाळी मी बॅटरीला शिव्या द्यायचो.

फीडपंपाच्या तोंडाशी तांब्याचा वॉशर, चहाच्या रंगाचा.
नवा नव्हता. चाचांनी तोच चिमट्यात धरला,
स्टोव्हवर लाल केला, पाण्यात सोडला. चुर्र.
"दाबून दाबून निबर झालेला. आता बसेल."

बसला. पहिल्या सेल्फला धरली गाडी.
सुक्याने टाळ्या वाजवल्या.
दार अजून वाजत होतं.

"आता दुसरं दुखणं," चाचा म्हणाले, जणू पाहुणा ओळखीचा.
चालू इंजिनावर एकेका नोझलचं नट सैल केलं.
पहिलं: इंजिन खचलं, पुन्हा कसलं, सावरलं.
दुसरं: तसंच.
तिसरं सैल केलं.
काहीच झालं नाही.
तीच थरथर, तोच आवाज, ना कमी ना जास्त.
"हा बघ. कामावर येतच नव्हता.
नुसती हजेरी लावायचा."

मी हसलो. मग हसू अर्ध्यात राहिलं.
आमच्या घरी कुणाचं नट सैल केलं तर
आवाज बदलणार नाही, असं काहीतरी मनात आलं.
चौथं सैल केल्यावर इंजिन मोठ्याने कण्हलं
आणि तो विचार त्यात निघून गेला.

बिस्किटाच्या डब्यातून चाचांनी नोझल काढला,
कुठल्या मेलेल्या गाडीचा, पण फवारा धुक्यासारखा.
बसवला. नट आवळलं.
इंजिन असं चालू लागलं की
मी दोनदा वाकून बघितलं, बंद तर नाही पडलं?

नऊशे रुपये. वॉशरचे घेतले नाहीत.
"तो तुझाच होता."

मानखुर्दच्या सिग्नलला उभे होतो.
मागे दिवाणखाना गप्प. दार गप्प.
इतकं गप्प की मीच मान वळवून बघितलं,
कडी नीट लागलीय ना.
सुक्या म्हणाला, "कोण आलंय का?"
"नाही," म्हटलं, आणि गिअर टाकला.